श्यामची आई कशाने गेली?

दिवाळीच्या आधी आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात पुस्तकांचं प्रदर्शन लागतं. लांबलचक टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी, नव्या कागदाचा वास आणि त्याच्या खालून येणारा, फरशी कितीही पुसली तरी न जाणारा मसालेभाताचा वास. मी मुलांच्या पुस्तकांपाशी उभी होते. शेजारी तिसरी-चौथीतला एक मुलगा ‘श्यामची आई’ मधेच उघडून, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत होता. त्याची आई पलीकडच्या टेबलावरून आली, तिनं पुस्तकाचं नाव पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाली, “नको बाळा, हे नको. फार रडवतं. शेवटी आई मरते त्यात.” मुलानं मान वर न करताच विचारलं, “कशाने?” ती जरा घुटमळली. “आजारी असते रे,” असं म्हणून तिनं पुस्तक हळूच मिटलं, जागेवर ठेवलं आणि त्याला डायनासोरांच्या चित्रांकडे घेऊन गेली.

मला तिचा राग आला नाही. लेकराला दुःखापासून लांब ठेवावंसं वाटणं ही काही वाईट गोष्ट नाही, आणि ‘रडवणारं पुस्तक’ हा शिक्का तिनं एकटीनं मारलेला नाही. साने गुरुजी म्हटलं की रुमाल, हे समीकरण आपण सगळ्यांनी मिळून घट्ट केलं आहे. मला टोचत राहिला तो त्या मुलाचा प्रश्न. हे पुस्तक मी लहानपणापासून वाचत आले, त्यावरची भाषणं ऐकली, पुण्यतिथीचे कार्यक्रम पाहिले, अत्र्यांचा १९५३ सालचा सिनेमा पाहिला, ज्याला पुढच्या वर्षी राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. श्यामची आई किती थोर होती हे सगळ्यांनी सांगितलं. ती कशाने गेली, हे विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी येऊन मी पुस्तक काढलं आणि त्या एका प्रश्नासाठी पुन्हा वाचायला बसले.

ताप होता तिला. कोकणातला हिवताप, येणारा, जाणारा, पुन्हा येणारा. पण गुरुजी तिच्या आजारपणापाशी पोचायच्या कितीतरी रात्री आधीपासून आपल्याला वेगळंच काहीतरी दाखवत येतात. एका रात्रीचं नावच आहे ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. पुढे ‘वित्तहीनाची हेळणा’, ‘तेल आहे, तर मीठ नाही!’, ‘अब्रूचे धिंडवडे’. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, घरातल्या बाईला ऐकू जाईल असं बोलतो. एकेकाळच्या खोताच्या घरातली ती बाई अंगात ताप असताना कामाला हात घालते. मग जप्तीची दवंडी पिटली जाते आणि त्या ढोलाच्या आवाजानं ती खचते. तिच्या मरणाची तारीख लागते ती त्या दिवशी. प्राण पुढे कधीतरी जातो. ही माझी समजूत आहे, पण पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून ती पक्की झाली आहे. आपण ज्याला मातृप्रेमाचं पुस्तक म्हणून कपाटात ठेवलं, त्याच्या शेवटाकडचा बराच मोठा भाग पैशाबद्दल आहे. एक घर कर्जात कसं बुडतं, बुडताना माणसं एकमेकांशी कशी वागतात, आणि हे सगळं घरातल्या मुलाला खालून कसं दिसतं, याबद्दल.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं नाही, ऐकलं. आमची आत्या दुपारी माजघरात सुपात तांदूळ घेऊन बसायची, पुस्तक मांडीजवळ उलटं ठेवलेलं, थोडे तांदूळ निवडून झाले की एक पान. खडे बाजूला टाकल्याचा टिकटिक आवाज आणि तिचा जरा घोगरा स्वर. तिला वाचताना रडू यायचं नाही. ‘वित्तहीनाची हेळणा’ वाचताना मात्र तिनं आवाज खाली आणला होता. पलीकडच्या खोलीत आजोबा पडलेले असायचे आणि सोसायटीचं कर्ज हा शब्द त्या काळात आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. मला तेव्हा एवढंच कळलं की या पुस्तकात असं काहीतरी लिहिलं आहे जे आमच्याही घरात आहे. पुस्तकांत राजपुत्र असतात, चेटकिणी असतात हे ठाऊक होतं. वसुलीचा माणूसही असू शकतो हे नव्यानंच कळलं, आणि खरं सांगायचं तर त्यानं दुःखापेक्षा धीरच जास्त वाटला.

गुरुजींचा विचार करताना मला नेहमी अमळनेरच आधी आठवतं. १९२४ साली ते तिथल्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे छात्रालय त्यांच्याकडे आलं. तिथली मुलं सांगत आली आहेत ते असं की सकाळी उठून पाहावं तर कंदिलाची काच पुसलेली, अंथरूण घडी केलेलं, भिजत टाकलेले कपडे धुऊन दोरीवर. करणारा कोण, हे काही दिवसांनी कळायचं. आणि याच्या जोडीला एक विलक्षण उद्योग: छात्रालयाचं हस्तलिखित दैनिक. रात्री मुलं झोपली की गुरुजी लिहायला बसत आणि सकाळी मुलांना ते ताजं वाचायला मिळे. वर्तमानपत्रातल्या बातम्या, थोरामोठ्यांच्या गोष्टी, कविता, कुणाच्या चुकीवर हलकं बोट. रोज. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. मुलांसाठी लिहिणाऱ्याच्या आयुष्यात याहून चांगली उमेदवारी मला सुचत नाही. वाचणारा समोर आहे, सकाळी त्याचा चेहरा दिसणार आहे, कंटाळला तर लगेच कळणार आहे. काच पुसणारे हात आणि लिहिणारे हात एकच होते, आणि दोन्ही कामं रात्रीतली होती.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगांची मालिका सुरू झाली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडची माणसं भेटली, तिथे ते त्यांच्या भाषा शिकायला लागले; पुढे आंतरभारतीचं, म्हणजे भारतातल्या वेगवेगळ्या भाषांची माणसं एकमेकांच्या जवळ आणण्याचं, जे स्वप्न त्यांनी मांडलं त्याचं बी तिथलं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. आज आपल्या हातात जी ‘गीता प्रवचने’ आहेत ती या माणसाच्या वेगवान हातामुळे. या गोष्टीचा उल्लेख विनोबांच्या चरित्रात होतो, गुरुजींच्या लेखनाबद्दल बोलताना फारसा होत नाही, आणि मला तर ती फार महत्त्वाची वाटते. बोललेलं जसंच्या तसं, त्यातली ऊब न घालवता कागदावर आणण्याचा कित्येक आठवड्यांचा सराव. त्यानंतर वर्ष उलटतं न उलटतं तोच, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं आणि त्याचा बहुतेक भाग पाच दिवसांत कागदावर आला. पाच दिवसांत लिहिलं याचं आपल्याला फार कौतुक. मला वाटतं ते पाच दिवसांत लिहिलं गेलं कारण आधीची कित्येक वर्षं ते बोललं जात होतं, आणि कानांनी ऐकलेलं हातानं धरून ठेवायची सवय धुळ्यात लागली होती.

म्हणून तर त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. पहिली, दुसरी, तिसरी, करत बेचाळीस. आश्रमात प्रार्थना होते, मंडळी जमतात, कुणी उशिरा येतो, कुणी आदल्या दिवसाचं काहीतरी विचारतो, आणि श्याम बोलायला लागतो. सुरुवात नेहमी हाताशी असलेल्या वस्तूपासून. फूल, पत्रावळ, गाय, दूर्वा. ‘मुकी फुले’ मध्ये मुलं एकमेकांच्या वरताण म्हणून कळ्याच तोडून आणतात आणि आई म्हणते की झाडावर फुलू तरी द्यायचं होतं. बस, एवढाच प्रसंग. त्यात कुणी मरत नाही, कुणी रडवत नाही. ‘पत्रावळ’ मध्ये तर एका ब्राह्मणाच्या पोराला पानं टाचता येत नाहीत म्हणून घरात बोलणी बसतात आणि तो आधी चिडतो, मग शिकतो. वडाची पानं, चोयट्या, पहिल्या पत्रावळीची भोकं. माझ्या वाचनालयातल्या मुलांना हा भाग फार आवडतो कारण त्यात हातानं काहीतरी जमण्याची मजा आहे.

आणि पोहण्याची ती रात्र! पोरं विहिरीत उड्या मारताहेत आणि श्याम भीतीनं घरात दडून बसला आहे. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीनं मारत विहिरीकडे पाठवते. तो उडी मारतो, दमतो, शिकतो. घरी आल्यावर अंगावरचे वळ पाहून तिचे डोळे भरतात. सिनेमात माधव वझेंचा श्याम ज्यांनी पाहिला त्यांना हे दृश्य आठवत असेल. ही बाई मऊ नाही. तिला मुलगा भित्रा राहिलेला चालणार नाही, चोरी केलेला चालणार नाही. पुस्तक घेण्यासाठी पैसे चोरले तरी नाही. आजच्या आई-वडिलांना शिंपटी पटणार नाही आणि मलाही ती पटत नाही, मुलांना मारू नये हे मी ठामपणे मानते. तरी या पुस्तकाला मिळमिळीत म्हणणाऱ्यांनी ही रात्र वाचली असेल का, असा प्रश्न पडतो. पायाला माती लागू नये म्हणून ओल्या लुगड्याचा ओचा दगडावर पसरणारी आई सगळ्यांना तोंडपाठ. काठी घेऊन मागे लागणारी तीच आई कुणाच्या भाषणात येत नाही.

पुस्तकात मला खुपणाऱ्या जागाही आहेत. गुरुजी उपदेश करतात, पुष्कळ करतात. प्रसंग संपला, आता पुढे जाऊ, असं वाटत असताना श्याम अर्धं पान प्रेमाचा महिमा सांगतो. मोठ्यानं वाचताना अशा ठिकाणी मुलांची चुळबुळ सुरू होते आणि मी काही ओळी गाळते. शिवाय तो काळ, ते घर, त्या घराच्या भिंती. ‘देवाला सारी प्रिय’ मध्ये अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातीतल्या एका म्हातारीची मोळी रस्त्यात पडलेली असते, ती तिला उचलत नाही, आणि कुणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला सांगते की जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. पहिल्या अर्ध्या वाक्यानं छाती भरून येते आणि दुसऱ्यानं पोटात कालवाकालव होते. मी मुलांसमोर दोन्ही वाचते. आमच्या वाचनालयात त्या म्हातारीच्या बाजूनं ऐकणारी मुलं बसलेली असतात, आणि त्यांच्यापैकी एकानं विचारलं होतं, “आंघोळ कशाला?” मी त्याला सांगितलं, की त्या बाईला तेवढंच जमलं. तिच्या मुलाला पुढे काय जमलं तेही ऐक. मग पंढरपूर सांगितलं. १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून हा माणूस तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपोषणाला बसला. १ मेला सुरू झालेलं उपोषण दहा-अकरा दिवसांनी सुटलं आणि दार उघडलं. आईनं ओलांडलेल्या अर्ध्या पायरीवरून मुलगा वर चढला. ती आंघोळ न गाळता लिहिली हे मला लेखक म्हणून त्यांचं धैर्य वाटतं. आपल्या आईबद्दल लिहिताना ते वाक्य वगळणं किती सोपं होतं.

कर्जाच्या रात्री मात्र मी एक ओळही गाळत नाही.

आमच्याकडे शनिवारी दुपारी वीस-पंचवीस मुलं येतात, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची. सोयाबीन, तूर, थोडा ऊस. पाऊस लांबला की घराघरातलं बोलणं तुटक होतं. सावकाराचा माणूस दारात येतो तो भाग वाचत होते, तर सातवीतली एक मुलगी मधेच म्हणाली, “आमच्याकडं पण येतो असा माणूस. पप्पा घरी नाहीत म्हणून सांगायला मलाच लावतात.” माझा वाचता वाचता आवाज अडकला, पण तिचा नाही. ती माहिती सांगावी तसं सांगत होती. मग एक मुलगा म्हणाला की त्यांची मोटारसायकल हप्ते थकले म्हणून ओढून नेली. तिसऱ्यानं खताच्या दुकानाची उधारी काढली, चौथीनं बचत गटाचा हप्ता भरायला आई कुणाकडून पैसे आणते ते सांगितलं. व्याज कसं मोजतात यावर दोघांत वाद झाला. पुस्तक माझ्या मांडीवर उघडं राहिलं आणि तासभर ती मुलं पैशाबद्दल बोलत राहिली, जे त्यांच्या घरात त्यांच्याशी कुणी बोलत नसावं. त्या दुपारी कुणी रडलं नाही. जे पुस्तक रडवतं म्हणून टेबलावर परत ठेवलं जातं, त्यानं या मुलांची तोंडं उघडली. नव्वद वर्षांपूर्वी तुरुंगात बसून लिहिणाऱ्या त्या शिक्षकाला हे ठाऊक असणार. लहान मुलाला घरातलं सगळं ऐकू येतं, फक्त त्याच्याशी कुणी बोलत नाही, हे त्यानं स्वतः अनुभवलं होतं.

पालगडला मी पावसाळ्यात गेले होते. गुरुजींचं घर तिथे नीट जपलेलं आहे. लाल माती, जांभ्याचे चिरे, ओल्या गवताचा वास. दापोलीहून वळणावळणानं येताना माझ्या मनात एकच, की हा रस्ता एक शाळकरी मुलगा पायी तुडवत होता आणि घरी पोचल्यावर त्याला काय ऐकावं लागणार याची त्याला कल्पना असायची. आई १९१७ मध्ये गेली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, शिक्षणासाठी घरापासून लांब. तिच्या शेवटच्या क्षणी तो नव्हता. पुस्तकातही श्याम पोचतो तेव्हा राखच उरलेली असते. हे लिहायला त्यानं पुढे पंधरा-सोळा वर्षं घेतली.

गुरुजींच्या स्वतःच्या मरणाबद्दल मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न मला प्रदर्शनातल्या त्या आईपेक्षा कठीण पडतो. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवस उपास केला, १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं, आणि ११ जून १९५० रोजी, पन्नाशीतच, स्वतःच्या हातानं आयुष्य संपवलं. ‘करी मनोरंजन जो मुलांचे, जडेल नाते प्रभुशी तयाचे’ असं लिहिणारा हा माणूस. मोठ्या मुलांनी विचारलं तर मी खरं सांगते. मनाचाही आजार असतो, तो फार चांगल्या माणसांनाही होतो, आणि तसं वाटायला लागलं तर आपल्या माणसांना सांगायचं, एकट्यानं गिळायचं नाही, हेही त्याच वेळी सांगते. त्यांना मी देवत्व देत नाही आणि त्या शेवटावरून त्यांचं सगळं आयुष्य दुःखी ठरवत नाही. कारण त्याच अखेरच्या काळात पुतणीला, सुधाला, लिहिलेली पत्रं आहेत. ‘सुंदर पत्रे’ हे त्यांचं नाव, आणि ती खरोखर सुंदर आहेत. पाखरं, ढग, समुद्र, पाऊस, झाडाला आलेला नवा पाला, वाचलेली पुस्तकं, थोरांच्या आठवणी. मोठा माणूस लहान मुलीला जे जे पाहिलं ते दाखवायला धावतो आहे. ती वाचताना लिहिणारा थकला आहे असं क्वचितच जाणवतं. मी आता गुरुजींची ओळख या पत्रांपासून करून देते, मग फुलं आणि पत्रावळ, मग विहीर, मग मोळी, मग कर्ज. आईचा मृत्यू वर्षाच्या शेवटी येतो, तोवर मुलं तिला चांगली ओळखायला लागलेली असतात.

गेल्या वर्षी शेवटची रात्र वाचून झाली तेव्हा काही डोळे ओले होते, काहींची नजर खिडकीबाहेर होती. मी पुस्तक मिटणार एवढ्यात तो मोटारसायकलवाला मुलगा म्हणाला, “पण बाई, त्यांचं कर्ज फिटलं का?” मी म्हटलं, या पुस्तकात काही ते फिटत नाही. सातवीतली ती मुलगी लगेच म्हणाली, “मग पुढच्या पुस्तकात असेल.” कपाटात ‘धडपडणारा श्याम’ आणि ‘श्यामचा जीवनविकास’ दोन्ही होती, एकेकच प्रत, कडा पिवळ्या पडलेल्या. आधी कुणी न्यायची यावरून एवढी भांडणं झाली की शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.